आधी यकृत, मग गाठ: परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या यकृत कर्करोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांचे शेतकरी. परभणी जिल्ह्यातलं गाव, सहा एकर जमीन. खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीला पाणी टिकलं तर रब्बीत हरभरा. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा चाकणला कंपनीत आहे, मुलगी हिंगोलीकडे दिलेली. अण्णा माळकरी. ऐन तारुण्यात गळ्यात माळ पडली ती आजवर आहे. दारूचा थेंब नाही, तंबाखूही नाही.

माळेचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्याकडे 'लिव्हर खराब झालं' म्हटलं की ऐकणारा आधी दारूचा हिशोब लावतो. निदान झाल्यावर महिनाभर मुलांनी भावकीत आजाराचं नावच सांगितलं नाही, 'पोटाचं दुखणं आहे' एवढंच म्हणत राहिले. अण्णांची बायको मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "डॉक्टर, माळकरी माणसाला हे कामून झालं?" तिला उत्तर देणं हा उपचाराचाच भाग होता. या लाजेपायी माणसं उशिरा येतात आणि चारचौघांत विचारपूस न करता चुकीच्या दारात जातात.

कारण होतं हिपॅटायटिस बी, म्हणजे 'कावीळ ब'. आठ वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात अण्णांनी रक्त दिलं होतं. नंतर रक्तपेढीतून फोन आला की रक्तात कावीळ ब सापडली आहे, दवाखान्यात दाखवा. डोळे पिवळे नव्हते, जेवण व्यवस्थित होतं. घरच्यांनी त्यांना काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. सकाळी उपाशीपोटी पाला, तेल-तूप बंद, पिवळी म्हणून हळदही बंद. 'कावीळ उतरली' असं सांगण्यात आलं आणि विषय तिथेच संपला.

या विषाणूत बहुतेक वेळा डोळे पिवळे होतच नाहीत. जन्माच्या वेळी आईकडून, लहानपणी घरातल्यांकडून, एकच सुई अनेकांना टोचल्यामुळे किंवा दाढीच्या वस्तऱ्यामुळे तो शरीरात येतो आणि वीस-तीस वर्षं गुपचूप यकृत पोखरतो. यकृतावर व्रणांच्या गाठीगाठी होतात, ते आकसतं. त्याला सिऱ्होसिस म्हणतात. यकृताचा कर्करोग बहुतेकांना अशाच आधीपासून आजारी असलेल्या यकृतात होतो. बाळांना देण्याची हिपॅटायटिस बीची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात २००२-०३ मध्ये काही भागांत सुरू झाली आणि २०११-१२ मध्ये देशभर पोहोचली. अण्णांच्या पिढीला ती मिळाली नाही, त्यांच्या मुलांच्या पिढीलाही नाही.

अडचण कशी समोर आली

दिवाळीनंतर थकवा सुरू झाला. भूक मेली, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. अंग वाळत होतं आणि धोतर मात्र कमरेला घट्ट होत होतं. दोन महिने पित्ताच्या गोळ्या झाल्या. कंबर दुखते म्हणून गावात डायक्लोफेनॅकची इंजेक्शनंही झाली. पोटात पाणी धरलेल्या सिऱ्होसिसच्या माणसाला ही इंजेक्शनं मूत्रपिंडाला इजा करू शकतात. अण्णांची मूत्रपिंडं सुदैवानं शाबूत राहिली.

सोनोग्राफीत यकृत खरबरीत, प्लीहा वाढलेली, पोटात थोडं पाणी आणि उजव्या भागात वरच्या बाजूला, छातीच्या पडद्याच्या अगदी खाली ४.४ सेंटिमीटरची गाठ. रक्तात एएफपी, म्हणजे यकृताच्या कर्करोगात बरेचदा वाढणारं प्रथिन, ४१२, म्हणजे बरंच वाढलेलं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ७८ हजार, म्हणजे कमी.

थोरला मुलगा रिपोर्टांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता: "सर, ऑपरेशन कधी करायचं?" गाठ म्हटली की ती काढायची, लवकर काढायची, असाच सगळ्यांचा समज असतो. स्तनाच्या किंवा तोंडाच्या गाठीबाबत तो बराचसा बरोबरही आहे. यकृताचा हिशोब वेगळा आहे. इथे एकाच माणसाला एकाच वेळी दोन आजार असतात, कर्करोग आणि सिऱ्होसिस. गाठीवर केलेला उपचार उरलेल्या यकृताला सोसला नाही, तर माणूस कर्करोगाने नाही, उपचाराने जातो. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीभोवती फिरले.

पहिला निर्णय: तुकडा काढायचा की नाही

पहिल्या दवाखान्यात सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. मुलांनी तारीखही घेतली होती. ती मी थांबवायला सांगितली.

सिऱ्होसिस किंवा जुनी कावीळ ब असलेल्या माणसात तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन बहुतेक वेळा पुरेसा असतो. शिरेतून औषध देऊन ठरावीक वेळांनी फोटो घेतात. कर्करोगाची गाठ पहिल्या टप्प्यात बाकीच्या यकृतापेक्षा जास्त उजळते आणि नंतरच्या टप्प्यांत औषध लवकर सोडून काळी पडते. हे चित्र स्पष्ट असेल तर तुकड्याशिवाय निदान धरलं जातं. उलट प्लेटलेट कमी आणि पोटात पाणी असताना सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि शंभरात दोन-तीन जणांत सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजतात. यकृत निरोगी असेल किंवा स्कॅनचं चित्र गोंधळाचं असेल तर तुकडा घ्यावाच लागतो. इथे गोंधळ नव्हता. सीटीत चित्र नेमकं तसंच आलं. गाठ एकच, रक्तवाहिनीत शिरलेली नाही, छातीत काही नाही.

दुसरा निर्णय: गाठ आधी की यकृत आधी

यकृताची ताकद मोजायला चाइल्ड-पग नावाचे गुण देतात. बिलिरुबिन (काविळीचं मोजमाप), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), रक्त गोठायला लागणारा वेळ (आयएनआर), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला एक ते तीन गुण, आणि इथे जितके गुण जास्त तितकं यकृत कमजोर. पाच-सहा गुण म्हणजे 'ए' वर्ग, सात ते नऊ 'बी', त्यापुढे 'सी'. अण्णांचं बिलिरुबिन २.३, अल्ब्युमिन ३.१, आयएनआर १.५, पोटात थोडं पाणी, शुद्ध चांगली. एकूण आठ, म्हणजे 'बी'. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या.

आता पर्याय असे होते.

गाठ कापून काढणं. निरोगी यकृताचा सत्तर टक्के भाग काढला तरी ते परत वाढतं, सिऱ्होसिसच्या यकृताला ते जमत नाही. शिरा फुगलेल्या, प्लेटलेट कमी, पोटात पाणी, अशा स्थितीत हे ऑपरेशन जिवावर बेतलं असतं. हा पर्याय पहिल्याच दिवशी बाद झाला, आणि मुलांना पचायला तोच सगळ्यात जड गेला.

सुई घालून गाठ जाळणं, म्हणजे ॲब्लेशन. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत हे फार चांगलं काम करतं. ४.४ सेंटिमीटरच्या गाठीत कडा जिवंत राहण्याची भीती.

टेस. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन, गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत केमोचं औषध सोडतात आणि ती फांदी बंद करतात. यकृताला स्वतःचं बरंचसं रक्त दुसऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, गाठ मात्र धमनीवर जगते. अण्णांना मी पाटाच्या पाण्याचं उदाहरण दिलं: एका वाफ्याचं दार बंद केलं तरी बाकी रान भिजत राहतं. दार धरणाऱ्या माणसाला ते लगेच कळलं. पण यकृतच कमजोर असेल तर टेसनंतर कावीळ आणि पाणी वाढून माणूस आणखी खालावतो.

प्रत्यारोपण. हा एकच उपचार गाठ आणि सिऱ्होसिस दोन्ही काढून टाकतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

फक्त गाठीवर नेम धरून दिलेल्या रेडिएशनचा आणि कर्करोगाच्या गोळ्यांचाही विचार झाला. दोन्ही 'बी-८' यकृताला जड होते.

एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात 'आठवडाभरात टेस करून घ्या' असा सल्ला मिळाला. मुंबईतल्या ज्या रुग्णालयात पुढे उपचार झाले तिथल्या पथकानं सांगितलं: आधी यकृत सावरू द्या, आठ आठवडे थांबा. दोन सल्ले, दोन्ही मोठ्या ठिकाणचे. धाकटा मुलगा वैतागला होता: "कॅन्सर आहे आणि थांबा म्हणतात?"

थांबण्यामागचा हिशोब मी त्याला कागदावर मांडून दाखवला. यकृताच्या कर्करोगाची गाठ दुप्पट व्हायला सरासरी चार-पाच महिने लागतात, आणि दुप्पट होणं म्हणजे घनफळ दुप्पट. व्यास तेवढ्यात साधारण एक चतुर्थांशानंच वाढतो. काही गाठी मात्र यापेक्षा खूप वेगानं वाढतात, म्हणून नुसतं थांबून चालत नाही. चौथ्या आठवड्याला सोनोग्राफी आणि एएफपी करायची, वाढ जोरात दिसली तर योजना बदलायची, असं ठरलं. थांबण्याला मुदत असेल आणि त्या मुदतीत करायची कामं ठरलेली असतील तरच थांबणं हा उपचार होतो. नाहीतर तो वेळकाढूपणा.

ती कामं बरीच होती. हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोविर सुरू केलं, रोज एक गोळी, बहुधा जन्मभर. विषाणू दबला की सिऱ्होसिसचं यकृतही काही महिन्यांत सावरू शकतं, आणि कर्करोग परतण्याची शक्यता काही प्रमाणात कमी होते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून बँडिंग केलं, म्हणजे त्या रबरी कड्यांनी बांधल्या. पोटातलं पाणी कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. ठेचा, लोणचं, पापड बंद झाले, आणि अण्णांच्या बायकोनं भाकरीच्या पिठातलं मीठही काढलं.

जेवणाची लढाई मात्र मोठी झाली. कावीळ म्हणून घरात त्यांना दोन महिने उसाचा रस आणि मुगाच्या वरणाचं पाणी चाललं होतं. यकृताचे रुग्ण अशा पथ्याने झिजतात, दंड आणि मांड्या वाळतात, आणि झिजलेल्या माणसाला पुढचा कुठलाच उपचार झेपत नाही. डाळ, दूध, दही, पनीर, शेंगदाणे भरपूर, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायचंच, असं लिहून दिलं. अण्णा अंडी खात नव्हते, तो विषय काढलाच नाही. शेंगदाणे निवडून, बुरशी नसलेलेच घ्यायला सांगितलं. ओलसर साठवलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष कावीळ ब असलेल्या माणसात यकृताच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढवतं. दुखणं वाढलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. वेदनेची इंजेक्शनं कायमची बंद.

आठ आठवड्यांनी बिलिरुबिन १.६, अल्ब्युमिन ३.४, पोटातलं पाणी गेलं. आठचे सहा गुण झाले, 'बी'चा 'ए'. गाठ ४.४ वरून ४.८ झाली होती.

तिसरा निर्णय: प्रत्यारोपण

त्याच आठ आठवड्यांत प्रत्यारोपणाची तपासणी चालू होती. १९९६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी एक मर्यादा घालून दिली: गाठ एकच असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत, आणि रक्तवाहिनीत शिरकाव नको. या मर्यादेत बसलेल्या त्यांच्या रुग्णांपैकी चार वर्षांनी ७५ टक्के जिवंत होते. अण्णा मर्यादेत होते, पण ४.८ म्हणजे काठावर. थांबण्याची खरी जोखीम हीच होती आणि ती घरच्यांना आधीच सांगितली होती.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक आपल्या यकृताचा भाग देऊ शकतात. अण्णांचा रक्तगट ओ. धाकट्याचा बी, तो बाद. थोरल्याचा ओ, पण दात्याच्या तपासणीत त्याचंच रक्त कावीळ ब पॉझिटिव्ह निघालं. वय ३३, दोन लहान मुलं, कसलाही त्रास नाही. त्या दिवशी तो माझ्यासमोर बराच वेळ काही बोलला नाही.

उरली मुलगी. रक्तगट ओ, तपासण्या चांगल्या, देण्याची तयारी. तिचा नवरा 'बघू' म्हणाला. सासरकडून स्पष्ट नकार आला नाही, पण लहान लेकराची काळजी वारंवार बोलून दाखवली गेली. दाता यकृताचा साठ टक्क्यांपर्यंत भाग देतो, तो काही आठवड्यांत बराचसा भरून येतो. पण हजारात दोन ते पाच दाते या ऑपरेशनमध्ये दगावतात. हा आकडा तिला तिच्या भाषेत, भाऊ आणि नवरा खोलीत नसताना सांगणं गरजेचं होतं. तसं झालं. ती तरीही तयार होती.

नाही म्हणाले ते अण्णा. "मह्यापायी लेकराचं पोट फाडायचं नाही." मुलांनी समजावलं, मुलगी रडली, ते हलले नाहीत. मीही त्यांच्याशी एकट्याशी बोललो. भीती बोलतेय की विचार, हे मला पाहायचं होतं. त्यांचा हिशोब सरळ होता. सांगितलेला खर्च २० लाखांच्या वर. त्यासाठी सहातले तीन एकर जातील. थोरला स्वतः आजारी निघाला. मुलीला काही झालं तर नातू पोरका. ऑपरेशननंतर जन्मभराची औषधं आणि मुंबईच्या खेपा वेगळ्याच.

मला हा निर्णय चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. वैद्यकीयदृष्ट्या सगळ्यात चांगला उपचार आणि त्या माणसाला मान्य असलेला उपचार हे वेगळे असू शकतात. डॉक्टरांनी दोन्ही नीट मांडावेत आणि मग ऐकावं. मुलीला मात्र नंतर कित्येक महिने वाटत होतं की ती कमी पडली. तिच्याशी बोलत राहणं हे कुठल्याच रुग्णालयाच्या कागदावर नसलेलं काम होतं.

काय केलं

सहा गुणांवर आलेल्या यकृताला आता टेस झेपणार होतं. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन अभ्यासांनी टेसमुळे आयुष्य वाढतं हे दाखवून दिलं, तेव्हापासून तो नेहमीचा उपचार आहे. परभणीहून संध्याकाळची देवगिरी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, असा क्रम ठरून गेला.

टेसनंतर पाच दिवस ताप, पोटदुखी, उलट्या. गाठ मरते तेव्हा बहुतेकांना असं होतं, हे आधीच सांगितलं होतं म्हणून घरचे घाबरले नाहीत. ताप आठवड्याहून लांबला, थंडी वाजली किंवा डोळे पिवळे झाले तर लगेच यायचं, हेही लिहून दिलं होतं.

महिन्याने गाठीचा बहुतांश भाग मेलेला दिसला, कडेला दीड सेंटिमीटरचा जिवंत तुकडा उरला. तो मायक्रोवेव्हने जाळला. गाठ छातीच्या पडद्याला खेटून असल्यानं पोटात डेक्स्ट्रोजचं पाणी भरून पडदा आणि यकृत यांच्यात अंतर केलं, मग सुई घातली. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये जिवंत गाठ दिसली नाही. एएफपी १९ वर आलं.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबाला पांढरं रेशनकार्ड असलं तरी लाभ मिळत आला आहे, आणि २०२३ मध्ये विम्याची रक्कम दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय झाला. कोणता उपचार बसतो ते पॅकेजच्या यादीवर ठरतं, म्हणून भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला विचारायचं. मुलांनी तसं केलं. काही खर्च योजनेत गेला, काही स्कॅन आणि प्रवास खिशातून. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही केला. मुंबई प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाशी जोडलेली राज्य कर्करोग संस्था आहे, लातूर-धाराशिवकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं. पण जिथे जाल तिथे यकृतरोगतज्ज्ञ, सर्जन आणि टेस करणारा रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात का, एवढं विचारावं. ज्या दारात जावं त्या दारातला उपचार सांगितला जातो, हे यकृताच्या बाबतीत फार घडतं.

आजार परत आला

चौदाव्या महिन्यापर्यंत अण्णा शेतात जात होते. त्या महिन्याच्या स्कॅनमध्ये २.१ आणि १.७ सेंटिमीटरच्या दोन नव्या गाठी, आणि यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेच्या उजव्या फांदीत कर्करोग शिरलेला. एएफपी १६०. सिऱ्होसिसचं यकृत मागे राहिलं की नव्या गाठी येणं हे नेहमीचंच, घरच्यांना तशी कल्पना होती. शिरेतला शिरकाव म्हणजे मात्र आजार पुढच्या पायरीवर गेला होता, आता सगळ्या शरीरात फिरणारं औषध हवं होतं. गुण अजून सहाच होते, म्हणून औषध देता येणार होतं. पहिल्या आठ आठवड्यांची कमाई इथे दुसऱ्यांदा कामी आली.

अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या दोन इंजेक्शनांची जोडी २०२० पासून पहिल्या पसंतीची आहे. अभ्यासात तिच्यामुळे निम्मे रुग्ण १९ महिन्यांपेक्षा जास्त जगले, जुन्या गोळीवर हा आकडा १३ महिन्यांच्या आसपास होता. पण दर तीन आठवड्यांनी रुग्णालय, एका डोसचा खर्च लाखांत, आणि फुगलेल्या शिरांतून रक्तस्रावाचा धोका, त्यामुळे एंडोस्कोपी करून शिरा बांधल्याशिवाय सुरू करता येत नाही. ही जोडी खर्चामुळे मागे पडली. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तसंच झालं.

उरल्या गोळ्या. जुनी गोळी म्हणजे सोराफेनिब. २०१२ मध्ये भारत सरकारच्या पेटंट कार्यालयानं देशातला पहिला सक्तीचा परवाना या औषधाला दिला आणि महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. शेतकऱ्याच्या घरात या आजाराच्या गोळीचा विचार तरी करता येतो, त्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. अण्णांना लेनव्हॅटिनिबची जेनेरिक गोळी दिली. आयुष्याच्या बाबतीत ती सोराफेनिबच्या तोडीची आहे आणि गाठ आकसण्याचं प्रमाण जास्त. वजन ५७ किलो, म्हणून आठ मिलिग्रॅम. साठच्या वर असते तर बारा.

तिसऱ्या आठवड्यात रक्तदाब १६०/१०० झाला, गोळी देऊन आटोक्यात आला. तळपायांची कातडी सोलवटून चालणं अवघड झालं. अण्णा शेतात अनवाणी फिरायचे, ते बंद करावं लागलं. दहा दिवस औषध थांबवून चार मिलिग्रॅमवर परत सुरू केलं, पायांना युरियाचं मलम. घरच्यांना वाटत होतं की डोस कमी केला म्हणजे उपचार सोडला. तसं नसतं. माणूस नियमित घेऊ शकेल तोच डोस उपयोगाचा.

सध्या काय

निदानाला २५ महिने झाले. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या नाहीत, गेलेल्याही नाहीत. अण्णा बांधावर जाऊन बसतात, कामं सांगतात. पुढे औषध लागू पडेनासं झालं तर काय, हे त्यांनी ठरवलं आहे: मुंबईच्या खेपा नकोत, दुखलं तर दुखू देऊ नका, घरीच ठेवा. मॉर्फिन कुठे मिळेल आणि पोटात पाणी झालं तर जिल्ह्याच्या ठिकाणी कोण काढून देईल, हे मुलांनी विचारून ठेवलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी आठ वर्षांपूर्वीच्या त्या फोनची होती. तेव्हा विषाणूचं प्रमाण मोजून गोळी सुरू झाली असती आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली असती, तर हा कर्करोग कदाचित झाला नसता. झालाच असता तरी दोन सेंटिमीटरवर सापडला असता, आणि दोन सेंटिमीटरची गाठ एका ॲब्लेशनमध्ये जाते. फोनवर नुसतं 'दवाखान्यात दाखवा' सांगून भागत नाही. कुठे, कोणाला, कशासाठी, हे सांगणारा आणि महिन्याने परत विचारणारा माणूस हवा. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. काविळीचा पाला देणाऱ्याकडे जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

दुसरी गोष्ट, मुलीचं यकृत अण्णांनी नाकारलं तेव्हाच मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी त्यांचं नाव यादीत घालता आलं असतं. छत्रपती संभाजीनगरला विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. घरात 'प्रत्यारोपण नको' एवढंच ठरलं, आणि नको ते नक्की काय, मुलीचं यकृत की ऑपरेशनच, हे वेगळं काढून विचारलं गेलं नाही. खर्चामुळे उत्तर बहुधा तेच आलं असतं. पण प्रश्न विचारायला हवा होता.

वेदना आणि घरच्यांचं मन सांभाळणारं पथक आजार परतल्यावर आलं. ते मुलगी तपासणीला आली तेव्हाच असायला हवं होतं.

आणि घरातल्यांच्या रक्ताची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. थोरल्याचा आजार दाता शोधताना योगायोगानं सापडला. त्याच्या रक्तात विषाणू भरपूर निघाला, यकृताला सूज होती. त्याची गोळी सुरू आहे, आणि घरात यकृताचा कर्करोग असल्यानं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. त्याच्या दोन्ही मुलांना जन्मतः लस मिळाली होती, ती सुरक्षित आहेत. बायकोला लस दिली, अण्णांच्या मुलीलाही. अण्णांचे धाकटे भाऊ अजून तपासायला आलेले नाहीत. 'मला काही होत नाही' म्हणतात. पेरणी आटोपली की त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन यायचं थोरल्यानं कबूल केलं आहे.